ताप शेडमध्ये मोजा

मुंबई, १ मे २०२१

प्रति,
मुंबईतले बांधकाम व्यावसायिक आणि त्यांचे ठेकेदार
(प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी: कामगार आयुक्त, महाराष्ट्र राज्य, आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका)

महोदय,

सप्रेम नमस्कार.

रात्रीचे साडेदहा वाजलेत आणि हे पत्र मी साइट ऑफिसात बसून लिहितोय. ड्रॉइंगच्या टेबलाखाली माझी गादी गुंडाळून ठेवली आहे, कारण गेले अडीच आठवडे मीही ‘साइटवर राहणारा’ झालोय. घर डोंबिवलीला. कोरोनामुळे लोकल फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांना, आणि सेफ्टी सुपरवायझर अत्यावश्यक असतो की नाही हे अजून कुणी ठरवलेलं नाही. २३ वर्षं या धंद्यात काढली. बिगाऱ्यांची हाजिरी घेण्यापासून सुरुवात केली, मग नोकरी सांभाळून सेफ्टीचा डिप्लोमा केला. हेल्मेट, बेल्ट, जाळी, हॅंडरेल यांवरून भांडण्याचा मला पगार मिळतो. आज भांडण वेगळ्या गोष्टीवरून आहे, साइटवर झोपणाऱ्या कामगारांना होणाऱ्या कोरोनावरून, आणि ते साइटवरच्या मीटिंगमध्ये मिटत नाही, म्हणून चारचौघांत मांडतोय.

सरकारचा ४ एप्रिलचा, कोरोना रोखण्यासाठीचा ‘ब्रेक द चेन’चा आदेश तुम्ही सगळ्यांनी वाचलाय. कामगार साइटवरच राहत असतील तरच बांधकाम सुरू ठेवता येईल, माल सोडून बाकी ये-जा बंद, असं त्यात म्हटलंय. हेतू चांगला आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तो आदेश आला आणि दोन दिवसांत आमच्या ठेकेदाराच्या ग्रुपवर मेसेज पडला: “बाहर का लेबर बंद. सोमवार तक सबको अंदर शिफ्ट करो.” तोपर्यंत आमच्या साइटवर ४६ माणसं राहत होती. सोमवारी ११८ झाली. या मधल्या दिवसांत कामगारांना राहायला एकही नवी शेड उभी राहिली नाही. एक संडास वाढला नाही, एक नळ वाढला नाही. वापरून टाकलेल्या शटरिंग प्लायचे आडोसे करून बेसमेंटमध्ये खोल्या पाडल्या. पत्र्याच्या जुन्या खोल्यांमध्ये दोन मजली फळ्या ठोकल्या. दहा बाय पंधराच्या एका खोलीत मी स्वतः मोजली, १८ माणसं. त्यातल्या काही फळ्यांवर दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा झोपतो. फळी थंड व्हायला वेळच मिळत नाही.

आणि रोज सकाळी माझ्यासमोर एक चेकलिस्ट येते. थर्मल गन: होय. सॅनिटायझर: होय. मास्क: होय. राहण्याच्या जागेत सुरक्षित अंतर: होय. खाली सही. ती सही माझी आहे. दुसऱ्याला बोल लावण्याआधी हे सांगून टाकलेलं बरं.

आता मुद्द्याचं बोलतो. गेल्या वर्षभरात साइटवरच्या सुरक्षेच्या नावाखाली आपण जे काही केलं ते जवळजवळ सगळं गेटवर केलं. गेटवर थर्मल गन, पाय धुवायची ट्रे, सॅनिटायझरचा स्टॅंड, ‘मास्क अनिवार्य’चा फ्लेक्स. या गेटमधून आत येतं कोण? मी, इंजिनिअर, आर्किटेक्टकडचा मुलगा, आरएमसीचा, म्हणजे तयार काँक्रीटच्या गाडीचा, ड्रायव्हर. ज्या ११८ जणांसाठी हा खटाटोप ते गेटच्या आतच झोपतात. त्यांच्या कपाळाला ती गन महिन्यात एकदाही लागत नाही. लागली तरी सकाळची वेळ चुकीची. ताप चढतो तो संध्याकाळी, अंग टाकल्यावर.

कामाच्या जागेबद्दलही आपला अंदाज उलटा आहे. चौदाव्या मजल्यावर फिटर लोखंड बांधत असतात तेव्हा चारही बाजूंनी उघडं असतं, समुद्राकडून वारा येत असतो. तिथे उभ्या असलेल्या माणसाचा मास्क नाकाखाली आला म्हणून मी ओरडतो. मी ओरडतो ते बरोबरच आहे, पण तोच माणूस सात वाजता खाली येऊन खिडकी नसलेल्या पत्र्याच्या खोलीत सतरा जणांच्या श्वासात दहा तास घालवतो, तिथे कुणी ओरडत नाही. हा आजार बंद, कोंदट जागेत पसरतो हे एव्हाना शाळकरी पोराला ठाऊक आहे. आमच्या साइटवर सगळ्यात धोक्याच्या जागा दोन: झोपायची खोली आणि हॉइस्टचा, म्हणजे माणसं वरखाली नेणाऱ्या लिफ्टचा, पिंजरा. स्लॅब तिसराही नाही.

एक प्रसंग सांगतो. साइटचं नाव, ठेकेदाराचं नाव सांगणार नाही. हे कुठल्या एका साइटपुरतं नाही आणि मला उद्याही याच शहरात काम मागायचं आहे.

बंगालमधल्या माल्दा जिल्ह्यातला एक फिटर, वय असेल तिशीच्या आतबाहेर. त्याच १८ जणांच्या खोलीतला. चार दिवस अंगात ताप घेऊन तो काम करत होता. मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ. पाचव्या दिवशी जिना चढताना तिसऱ्या मजल्यावर बसला तो उठेना. बोटाला ऑक्सिमीटर लावलं, आकडा बघून माझ्याच छातीत धस्स झालं. बेड मिळवून देणाऱ्या वॉर्डच्या वॉर रूमला फोन लावला, पलीकडची बाई शांतपणे विचारत होती, “पेशंटचा पत्ता?” मी म्हटलं, साइट. “बिल्डिंगचं नाव?” मी म्हटलं, बाई, बिल्डिंग अजून व्हायची आहे. पण तिने बिचारीने रात्री उशिरा जंबो कोविड सेंटरमध्ये बेड मिळवून दिला. अकरा दिवसांनी तो पायावर चालत परत आला. त्याला मी विचारलं, चार दिवस का नाही सांगितलंस? तो म्हणाला, “साहब, बोलता तो हाजिरी कौन देता?”

साडेसातशे रुपयांची हाजिरी. अकरा दिवसांची त्याला मिळाली नाही. फळीसुद्धा दुसऱ्याला दिली होती.

आता याच आदेशात काय लिहिलंय ते आठवून बघा. बाधित कामगाराला वैद्यकीय रजा द्यायची, त्या गैरहजेरीसाठी कामावरून काढायचं नाही, आणि तो आजारी नसता तर जेवढी मिळाली असती तेवढी पूर्ण मजुरी त्याला द्यायची. ही अट इतकी स्वच्छ लिहिलेली आहे की तिला पळवाटच नाही. म्हणून मग ती कुणी वाचूनच दाखवली नाही. मी टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे कामाआधीच्या सुरक्षेच्या बैठकीत, वाचून दाखवली, तर दुपारी मला सांगण्यात आलं की असल्या गोष्टींनी ‘लेबर बिघडतं’.

उरलेल्या सतरा जणांची टेस्ट मी भांडून करवून घेतली. सहा पॉझिटिव्ह निघाले. सोसायटीत पाचापेक्षा जास्त रुग्ण निघाले तर गेटवर बोर्ड लागतो, सूक्ष्म प्रतिबंधित क्षेत्र होतं, महापालिकेचा माणूस येतो. आमच्या खोलीत एकट्या सहा. फिटर धरून सात. बोर्ड लागला नाही. ठेकेदाराने त्या सहा जणांना खर्चीचे पैसे हातावर ठेवले आणि ‘गावी जाऊन आराम करा’ म्हणून सांगितलं. त्यातले चार कुर्ल्याच्या टर्मिनसवर जाऊन गाडीत बसले. त्या डब्यात आणखी किती जण होते आणि पुढे गावात काय झालं, हे कुणी कुठल्या रजिस्टरात लिहिणार नाही. माणूस वरून पडला तर आवाज होतो, पोलीस येतात, काम थांबतं, मला नोटीस मिळते. तापाने आडवा झाला तर हाजिरीबुकात फक्त ‘गाव गया’ अशी नोंद होते.

तुम्ही म्हणाल, एवढ्या कमी वेळात शेडा कुठून उभ्या करणार? हे मी मान्य केलं असतं, जर ही अट नवी असती. गेल्या वर्षी २० एप्रिलपासून शहरात काम सुरू करायला परवानगी मिळाली तेव्हाही हीच अट होती: कामगार साइटवर उपलब्ध असतील तरच. मधे पूर्ण एक वर्ष गेलं. त्या वर्षात माणसं कसाऱ्याच्या घाटातून पोरं खांद्यावर घेऊन चालत गेली आणि दिवाळीनंतर पुन्हा आपल्याच गेटवर येऊन उभी राहिली. एवढ्या अवधीत आम्ही बारा मजले चढवले. पत्र्याच्या चार जादा खोल्या नाही चढवता आल्या?

पैशाचं म्हणाल तर तेही बोलू. मंदीत तुमचं नुकसान झालं हे खरं आहे, छोट्या बिल्डरांचे हाल मी जवळून पाहिलेत. पण तुमच्याकडे बघायला सरकार होतं. महारेराने, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या प्राधिकरणाने, प्रकल्पांची मुदत सहा महिन्यांनी वाढवून दिली. मुंबईतलं मुद्रांक शुल्क सप्टेंबरपासून ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आलं, मग मार्चअखेरपर्यंत ३ टक्क्यांवर राहिलं, आणि त्या काळात फ्लॅट कसे खपले ते तुमच्याच जाहिराती सांगतात. जानेवारीत बांधकामाच्या परवानग्यांसाठी भरायच्या प्रीमियममध्ये डिसेंबर २०२१ पर्यंत ५० टक्के सवलत मिळाली. आणि कामगाराला? १३ एप्रिलला जाहीर झाले १५०० रुपये. तेही बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळात नोंदणी असेल तर.

नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. तो द्यायचा ठेकेदाराने किंवा मालकाने. आमच्या ११८ जणांपैकी किती जणांकडे आहे? मी विचारत फिरलो: ११. सहीचं पेन कुणाला महाग नाही, पण दाखला दिला की तो माणूस कागदावर आपला होतो, हे ठेकेदार पक्कं ओळखून आहे. म्हणजे बांधकाम खर्चाचा १ टक्का उपकर कल्याणकारी मंडळासाठी गोळा होतो, आणि ज्याच्या घामावर तो गोळा झाला त्याचं नाव मंडळाच्या यादीत नसतं. नाक्यावर उभं राहून रोजचं काम शोधणाऱ्यांचं तर बोलायलाच नको. जालना, हिंगोली, वाशीमकडची आपली मराठी माणसं, बायकांसकट, सकाळी साडेसातला घमेलं-पावडी घेऊन उभी राहायची. ‘साइटवर राहणारे’ या दोन शब्दांनी त्यांचं काम गेलं आणि दाखला नाही म्हणून १५०० ही गेले.

कायद्यातली ‘बांधकाम कामगार’वाली सगळी कलमं इथे उतरवत बसत नाही. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यातलं ३४ वं कलम तेवढं वाचा. राहायची तात्पुरती जागा मालकाने मोफत द्यायची, आणि तिला स्वयंपाकाची, आंघोळीची, धुण्याची, संडासाची वेगळी सोय हवी. ३२ वं कलम तर इतकं बारीक आहे की पिण्याच्या पाण्याची जागा मुतारीपासून सहा मीटर लांब असावी असं सांगतं. आमच्याकडे ११८ माणसांत चार संडास आहेत आणि पिण्याचा ड्रम त्यांच्या भिंतीला टेकून आहे. नव्या लेबर कोडमुळे (कामगार संहितांमुळे) हे जुने कायदे गेले असं परवा एका मॅनेजरने मला ऐकवलं. गेले नाहीत. कोड १ एप्रिलपासून येणार होते, ते लांबले. आज रात्री तरी १९९६ चाच कायदा लागू आहे.

आता थोडं महापालिकेशी आणि कामगार खात्याशी.

साइटवर क्युरिंगचं, म्हणजे काँक्रीट भिजवायचं, पाणी साचलं तर कीटकनाशक विभागाचा माणूस येतो. बॅटरी मारून ड्रममध्ये बघतो, गच्चीपर्यंत चढतो, अळी दिसली की नोटीस हातात देतो. चांगलं काम आहे, त्याच्यामुळे आमच्याकडे मलेरिया कमी झाला हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. डासाच्या अळीसाठी तेरा मजले चढणारी यंत्रणा तळमजल्यावरच्या पत्र्याच्या खोलीचं दार ढकलून आत बघत नाही, याचं मला कोडं पडतं. या महिन्यात त्या आदेशाखाली तपासणीला आमच्या साइटवर कुणी आलं नाही. नियम मोडला तर विकासकाला १० हजार रुपये दंड आहे. आरएमसीची एक गाडी परत पाठवावी लागली तर त्याहून जास्त जातात. दुसऱ्यांदा मोडला तर साइट बंद करता येते, हे कलम मात्र कामाचं आहे. वापरा की ते.

आणि हे जमणार नाही असं कुणी म्हणू नये, कारण मुंबईनेच ते करून दाखवलंय. गेल्या एप्रिलमध्ये धारावीत पहिला रुग्ण सापडला तेव्हा महापालिकेला लगेच उमगलं की दहा बाय दहाच्या घरात ‘होम क्वारंटाइन’ हा विनोद आहे. म्हणून माणसं शाळांमध्ये, हॉलमध्ये हलवली, दारोदार जाऊन ताप मोजला, आणि त्यांच्या जेवणाची सोय केली. आमची खोली धारावीच्या खोलीपेक्षा फार मोठी नाही. फरक एवढाच की ती नकाशावर नाही. ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळायच्या आदल्या दिवशी ती मोडून टाकलेली असते.

तेव्हा मागण्या. लांबलचक नाहीत.

साइटवर राहणाऱ्यांची संख्या जागेवर ठरू द्या, कामाच्या घाईवर नको. एका खोलीत सहाच्या वर माणूस नको, फळी ज्याची त्याची, आणि समोरासमोर दोन भिंतींना जाळी लावलेल्या खिडक्या. जागा नसेल तर जवळच्या बंद शाळा, मंगल कार्यालयं भाड्याने घ्या. लग्नं २५ माणसांत उरकायची आहेत, हॉल ओस पडलेत. तेही जमत नसेल तर तेवढी माणसं कमी करा आणि ताबा महिनाभर उशिरा द्या. ग्राहकाला पत्र लिहायला मी मदत करतो.

आजारी पडणाऱ्याची हाजिरी चालू ठेवा. साइटवर सगळ्यांना वाचता येईल असं हिंदीत, बंगालीत, मराठीत लिहून लावा की ताप सांगणाऱ्याचा एक रुपया कापला जाणार नाही. माझा अनुभव असा की बाकी सगळ्या उपायांपेक्षा हा एक कागद जास्त रुग्ण शोधून काढेल. ठेकेदार देत नसेल तर मूळ मालकाने द्यावेत आणि ठेकेदाराच्या बिलातून वळते करावेत. मालाच्या बाबतीत तुम्ही हे रोज करता.

ताप आणि ऑक्सिजन संध्याकाळी सात वाजता शेडमध्ये मोजा. पंधरा दिवसांनी सगळ्यांची आरटीपीसीआर, मालकाच्या खर्चाने. सरकारने दर ५०० रुपयांवर आणलाय. ११८ माणसं, महिन्यातून दोनदा: १ लाख १८ हजार. आमच्या टॉवरमध्ये तेवढ्यात चार-पाच चौरस फूट येतात.

हॉइस्टमध्ये एका वेळी सहा जण, आणि त्यासाठी सुटायच्या-भरायच्या वेळा पुढेमागे करा. अंगठ्याचं मशीन बंद. मास्क दिवसाला तीन. मे महिन्यात घाम आणि सिमेंट मिळून पहिला मास्क दहा वाजेपर्यंत पापडासारखा होतो, तो नाकावर ठेव म्हणून मी कुणाला सांगू? क्रेनला इशारा करणाऱ्याला वॉकी-टॉकी द्या, म्हणजे त्याला मास्क काढून बोंबलावं लागणार नाही.

लसीचं सरकारने बघावं. कामाच्या जागी लस द्यायची योजना ११ एप्रिलपासून आहे, पण तिला पंचेचाळिशीच्या पुढचे १०० जण लागतात. आमच्याकडे तेवढ्या वयाचे नऊ आहेत. या कामात माणूस पंचेचाळिशीपर्यंत टिकतो कुठे? आजपासून अठरा वर्षांवरच्यांना लस खुली झाली, तीही मोजक्या केंद्रांवर, आणि सरकारच्या कोविन वेबसाइटवर नाव नोंदवूनच. ते पान इंग्रजीत. ओटीपी ज्या मोबाइलवर येणार तो चौघांत एक. चार-पाच साइट मिळून एक शिबिर घ्या, नोंदणी जागेवर करा. गाळ्यात टेबल टाकून खुर्च्या मांडायला आम्ही बसलोय.

आणि ९० दिवसांचा दाखला. हाजिरीबुक माझ्याकडे आहे. पुढच्या आठवड्यात सही करायला माणूस पाठवा, बाकीचे कागद मी तयार ठेवतो. नाक्यावरच्या कामगारांना नोंदणीची वाट न पाहता मदत द्या, हे कामगार खात्याला.

पावसाळा पाच आठवड्यांवर आलाय. पाऊस सुरू झाला की पत्र्याच्या खोलीची उरलीसुरली फटसुद्धा ताडपत्रीने बंद होते. जे करायचं ते त्याआधी.

उद्या रविवार, पण सकाळी सहाला पंधराव्या मजल्याचा स्लॅब भरायचा आहे, चाळीस माणसं लागतील. त्याआधी साडेपाचला चेकलिस्ट माझ्यासमोर येईल. ‘राहण्याच्या जागेत सुरक्षित अंतर’ या रकान्यात उद्या मी ‘नाही’ लिहिणार आहे, आणि खाली सही करणार आहे.

आपला,
एक सेफ्टी सुपरवायझर
सध्या मुक्काम साइटवर